भरल्या वाटीतली उपासमार : मांजराच्या अन्नाचा साडेनऊ हजार वर्षांचा इतिहास

#धागा #इतिहास #मांजर

१/
मांजर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुधाची वाटी येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र दरवर्षी हजारो पाळीव मांजरे हृदय निकामी होऊन मरत होती आणि काहींची दृष्टी जात होती. त्यांना वेळच्या वेळी खायला मिळत होते. वाट्या भरलेल्या होत्या. मग ती मरत का होती? याचे उत्तर पूर्णपणे हाती यायला १९८७ साल उजाडावे लागले. ते समजून घेण्यासाठी आपल्याला प्रथम साडेनऊ हजार वर्षे मागे जावे लागेल.

२/
भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाचे नवाश्मयुगीन स्थळ आहे. तेथे एका माणसाच्या दफनाशेजारी, जेमतेम ४० सेंटिमीटर अंतरावर, सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा अखंड सांगाडा सापडला. काळ आजपासून सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सायप्रसमध्ये मांजरे मूळची नव्हती, म्हणजे कोणीतरी ती होडीतून समुद्रापार आणली होती.

३/
ती का आणली असावीत? याच सुमारास पश्चिम आशियात शेती स्थिरावत होती. धान्य साठू लागले आणि धान्यामागे उंदीर आले. उंदरांमागे आले आफ्रिकी रानमांजर. आजची सारी घरगुती मांजरे याच रानमांजराची वंशज आहेत, हे २००७ मध्ये जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. या व्यवहारात माणसाने मांजराला अन्न दिले नाही. त्याने फक्त उंदीर जमतील अशी कोठारे बांधली. पोट मांजराचे मांजरानेच भरले.

४/
येथे कुत्र्याशी तुलना उद्बोधक ठरते. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर वाढला आणि हजारो वर्षांत त्याच्या देहात पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्याहून कितीतरी वाढली. मांजराला अशी गरज कधी पडलीच नाही. ते माणसाच्या घरात राहिले, पण जेवण उंदीर, पाखरे आणि सरड्यांचेच राहिले. त्यामुळे देहाने ते शिकारीच राहिले. पुढच्या साऱ्या कथेची गोम येथेच आहे.

५/
इजिप्तमध्ये मांजर घरात आणखी आत आले. थीब्ज येथील नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात इ.स.पू. सुमारे १४०० च्या काळातील भित्तिचित्रे आहेत. त्यांत खुर्चीखाली बसून मासा खाणारे एक मांजर दिसते. मांजराला घरातला घास मिळाल्याचे हे एक जुने आणि मोठे लोभस चित्र. लक्षात घ्या, त्याच्या तोंडात मासा आहे, भाकरी नाही.

६/
आता आपल्याकडे वळू. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटावर एक मांजर पुढचे दोन्ही पाय डोक्यावर उंचावून तपश्चर्या करते आहे आणि भोवती उंदीर निर्धास्त जमले आहेत. ढोंगी तपस्वी मांजराची कथा महाभारताच्या उद्योगपर्वातही येते. गंगेच्या तीरावर हात उंचावून उभ्या असलेल्या बोक्यावर उंदीर विश्वास ठेवतात आणि एकेक करून नाहीसे होतात.

७/
या कथेतला एक तपशील इतिहासप्रेमींनी आवर्जून लक्षात ठेवावा. संशय घेणारा शहाणा उंदीर पुरावा कोणता देतो? बोका दिवसेंदिवस पुष्ट होतो आहे आणि त्याच्या विष्ठेत केस दिसतात. केवळ कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस येतील कसे? प्राण्याचा आहार त्याच्या विष्ठेवरून ओळखण्याची पद्धत आजचे वन्यजीव-अभ्यासकही वापरतात. कथाकाराने नैतिक बोध सांगितला. सोबत मांजर मांस सोडू शकत नाही, हे निरीक्षणही नोंदवून ठेवले.

८/
मध्ययुगीन युरोपात मांजराची किंमत त्याच्या शिकारीवर ठरे. वेल्समध्ये हायवेल द्दा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात दरपत्रकच आहे : डोळे न उघडलेल्या पिलाची किंमत १ पेनी, उंदीर मारू लागेपर्यंत २ पेन्स आणि उंदीर मारू लागल्यावर ४ पेन्स. मांजर हे येथे घरातले एक कामकरी होते आणि त्याचा भाव कामावरून ठरत होता.

९/
कामकरी म्हटला की पगार आलाच. इंग्लंडमधील एक्सेटर कॅथेड्रलच्या हिशेबवह्यांत १३०५ ते १४६७ या काळात मांजराच्या नावे खर्च पडलेला दिसतो : तिमाहीस १३ पेन्स, म्हणजे आठवड्याला १ पेनी. एवढ्यात पोटाला आधार मिळावा आणि बाकीचे मांजराने स्वतः मिळवावे, असा हा हिशेब.

१०/
पाचशे वर्षांनंतरही हिशेब तोच होता. १८६८ मध्ये लंडनच्या टपाल खात्याच्या मनीऑर्डर कार्यालयात उंदरांनी कागद कुरतडून उच्छाद मांडला. तीन मांजरे नेमण्याचे ठरले. त्यांच्या पोषणासाठी आठवड्याला २ शिलिंग मागितले गेले. वरिष्ठांनी १ शिलिंग मंजूर केला. उरलेले वेतन मांजरांनी उंदरांतून वसूल करावे, आणि सहा महिन्यांत उंदीर घटले नाहीत तर भत्ता आणखी कापला जाईल, अशी तंबीही दिली. १८७३ मध्ये ही रक्कम दीड शिलिंग झाली.

११/
पोट अर्धे ठेवले की मांजर जास्त शिकार करते, ही समजूत आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात मांजराची भूक आणि शिकारीची ऊर्मी एकमेकींवर पूर्णपणे अवलंबून नसतात. समोरचे अन्न सोडून मांजर हलणाऱ्या सावजावर झेपावते. रानात दिवसाकाठी अनेक छोटी सावजे मिळवावी लागतात आणि प्रत्येक झेप यशस्वी होत नाही. तेव्हा भूक लागण्याची वाट पाहणे परवडणारे नसते. म्हणून पोटभर जेवलेले मांजरही उंबऱ्यावर उंदीर आणून टाकते. यात हाव नाही, स्वभाव आहे.

१२/
मांजराच्या या कामावर आपल्याकडे एकदा फार मोठी आशा ठेवली गेली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशभर पसरला. त्या काळात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्र्यू ब्युकॅनन या डॉक्टरांनी मांजरे पाळणे हा प्लेग रोखण्याचा उपाय असल्याचे आग्रहाने मांडले. त्यांचा लेख १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. युक्तिवाद सरळ होता : मांजर असेल तेथे उंदीर कमी आणि उंदीर कमी तेथे प्लेग कमी. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसालाही होऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

१३/
दरम्यान लंडनमध्ये एक नवा व्यवसाय भरभराटीला आला होता. हेन्री मेह्यू यांनी १८५१ च्या सुमारास लंडनच्या कष्टकऱ्यांची जी विस्तृत नोंद केली, तिच्यात मांजरांसाठी मांस विकणारे फेरीवाले भेटतात. कामातून गेलेल्या घोड्यांचे मांस उकडून, तुकडे काडीवर टोचून ते घरोघर विकत. फेरीवाल्याची चाहूल लागताच गल्लीतली मांजरे धावत येत. मांजराचे अन्न विकत घेण्याची सवय शहराला येथे लागली. अन्न अजून मांसच होते.

१४/
१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यामागे हॅरिसन वेअर हे चित्रकार होते. उंदीर मारणाऱ्या नोकराकडे लोकांनी रूपाने देखणा, जातिवंत प्राणी म्हणून पाहावे, ही त्यांची इच्छा. ती फलद्रूप झाली. पण कामकऱ्याचा लाडका झाला की त्याच्या पोटाची जबाबदारी आपल्यावर येते. आता मांजराला काय द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला.

१५/
उत्तर बाजाराने दिले. १८६० च्या दशकात जेम्स स्प्रॅट या अमेरिकी उद्योजकाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला सुरुवात केली होती. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात पत्रा युद्धसामग्रीकडे वळला आणि कोरड्या दाण्यांचे अन्न पुढे सरसावले. दुकानातून पिशवी आणा, वाटीत ओता, काम संपले. तरीही मांजराला एक पळवाट शिल्लक होती. ते दिवसातून काही तास बाहेर जाई आणि वाटीत जे कमी पडे, ते शिकारीतून भरून काढी.

१६/
ती पळवाट बंद होण्यामागे मूठभर माती आहे. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कॅसोपोलिस गावी थंडीने वाळू गोठली होती. एका शेजारणीने मांजराच्या पेटीसाठी एडवर्ड लो या तरुणाकडे वाळू मागितली. त्याने तिला भाजलेल्या शोषक मातीचे दाणे दिले. ही माती आपल्या मुलतानी मातीच्या जातकुळीतली. तिने वास आणि ओल दोन्ही टिपले. लोने पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ असे लिहिले आणि पाच पौंडांची पिशवी ६५ सेंटला विकायला काढली.

१७/
या पिशवीने इतिहास बदलला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. मांजराला शौचासाठी बाहेर सोडण्याची गरज संपली आणि ते बारा महिने चोवीस तास घरात राहू शकले. गाड्या, कुत्री, थंडी यांपासून ते वाचले. पण शिलुरोकांबोसपासून चालत आलेला करारही तेथेच मोडला. आता त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास माणूस ठरवणार होता आणि मांजराच्या देहाला नेमके काय लागते, हे माणसाला अजून ठाऊक नव्हते.

१८/
धोक्याची एक खूण आधीच दिसली होती. कॅलिफोर्नियातील डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत सुमारे ९०० मांजरांवर आहाराचे प्रयोग केले. कच्चे मांस मिळालेली मांजरे निरोगी राहिली. शिजवलेले मांस मिळालेल्यांची प्रकृती पिढीगणिक ढासळत गेली. शिजवण्यामुळे अन्नाचे सत्त्व जाते आणि हे माणसालाही लागू आहे, असा अर्थ काढला गेला. निरीक्षण महत्त्वाचे होते, पण माणसाबाबतचा निष्कर्ष घाईचा होता. मांजर आणि माणूस यांची शरीरे एक नव्हेत.

१९/
हरवलेला दुवा रसायनशास्त्राच्या कपाटात शंभर वर्षांहून अधिक काळ पडून होता. १८२७ मध्ये टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून एक पदार्थ वेगळा केला. बैलाला लॅटिनमध्ये ‘टॉरस’ म्हणतात; त्यावरून त्याचे नाव पडले टॉरिन. मांस, मासे आणि विशेषतः हृदयासारख्या अवयवांत तो भरपूर असतो. वनस्पतींत तो जवळजवळ नसतोच. माणूस आणि कुत्रा तो बहुधा स्वतःच्या शरीरात तयार करून घेतात, म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

२०/
१९७५ मध्ये अमेरिकेत हेज, कॅरी आणि श्मिट या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. केसिन या दुधातील प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांचे दृष्टिपटल झिजत होते आणि त्यांच्या देहातील टॉरिन खालावले होते. थोडे थांबून विचार करा. प्रथिन उत्तम होते, मात्राही पुरेशी होती आणि तरीही मांजरे आंधळी होत होती. पुढे कुत्र्यांच्या अन्नावर वाढवलेल्या मांजरांतही हेच दिसले.

२१/
मांजरच का? दोन कारणे. एक, मांजराचे शरीर टॉरिन तयार करते, पण अत्यल्प. दुसरे, पचनासाठी लागणारे पित्ताम्ल बांधायला ते केवळ टॉरिनच वापरते, त्यामुळे रोज काही भाग विष्ठेतून जातो. उत्पन्न थोडे आणि खर्च थांबत नाही. रोज उंदीर खाणाऱ्या प्राण्याला याची झळ लागण्याचे कारण नव्हते, कारण उंदराच्या देहात टॉरिन असतेच. निसर्गाने जी वस्तू नेहमी आयती पुरवली, ती बनवण्याचा खटाटोप मांजराच्या देहाने केला नाही.

२२/
अन्न उत्पादकांनी टॉरिनकडे लक्ष देण्यास सुरुवात केली आणि प्रश्न मिटला असे वाटले. पण मांजरांचे हृदयरोगाने मरणे थांबले नाही. हृदयाचा स्नायू पातळ आणि सैल होत जाई, कप्पे फुगत, श्वास लागे आणि बहुधा काही दिवसांत खेळ संपे. या विकाराला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. कारण अज्ञात होते. घरचा माणूस शेवटपर्यंत तीच वाटी प्रेमाने भरत राही.

२३/
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेत पॉल पायन हे तरुण डॉक्टर हृदयरोगाचे शिक्षण घेत होते. त्यांनी आणि किटलसन, रॉजर्स, मॉरिस या सहकाऱ्यांनी अशा मांजरांच्या रक्तातील टॉरिन मोजले. ऑगस्ट १९८७ मध्ये सायन्समध्ये त्यांचा निबंध आला. बाजारातील मांजर-अन्न खाणाऱ्या २१ मांजरांत टॉरिन कमी आणि हृदय दुबळे, असे दोन्ही एकत्र आढळले. तोंडावाटे टॉरिन दिल्यावर मात्र इको तपासणीत हृदयाचे कार्य पूर्ववत होताना दिसले.

२४/
मरणाच्या दारातला विकार एका स्वस्त भुकटीने मागे फिरला. मग डब्यातल्या अन्नात टॉरिन असूनही ते का पुरले नाही? कारण डबाबंद करताना दिलेली उष्णता आणि घटकांची मांडणी यांमुळे आतड्यातील जिवाणू टॉरिनचा अधिक नाश करत. कागदावरचा आकडा आणि देहाला मिळणारा अंश यांत अंतर होते. उत्पादकांनी प्रमाण वाढवले आणि मांजरांतला हा विकार पाहता पाहता दुर्मीळ झाला. दृष्टिपटलाची झालेली हानी मात्र भरून येत नाही. गेलेली नजर परतली नाही.

२५/
मांजर शिकारीच आहे याचे पुरावे पुढेही मिळत गेले. गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून आपण जीवनसत्त्व अ बनवतो. मांजर बनवू शकत नाही. २००५ मध्ये फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की गोड चव ओळखणारे त्याचे एक जनुक निकामी आहे, म्हणजे मांजराला गोडी कळतच नाही. त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, पाणी बरेचसे सावजाच्या देहातून मिळवणारे. म्हणून त्याची तहान मंद असते आणि केवळ कोरड्या दाण्यांवर ठेवल्यास पाण्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. आणि दूध? दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुग्धशर्करा पचवण्याची शक्ती घटते. ते डोळे मिटून दूध पिते खरे, पण पुष्कळदा त्याचे पोट नंतर बिघडते.

२६/
मग आजोळच्या वाड्यात दूधभातावर वाढलेली मांजरे धडधाकट कशी होती? ती केवळ दूधभातावर वाढलीच नव्हती. माळ्यावर उंदीर होते, गोठ्यात घुशींची पिले, भिंतीवर पाली, परसात पाखरे. कोकणात मासळी साफ करताना डोकी आणि आतडी मिळत. आजी वाटीत दूधभात घाली आणि मांजर उरलेले जेवण स्वतः उरके. शाकाहारी घरातले मांजर शाकाहारी आहे, हा घरच्यांचा समज होता. महाभारतातल्या त्या उंदराने तपासणी केली असती, तर तो लगेच दूर झाला असता.

२७/
आज पुण्या-मुंबईच्या सातव्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावलेल्या घरात तोच दूधभात वाढला जातो, तेव्हा माळा नसतो आणि उंदीरही नसतो. म्हणून इतिहासातून निघणाऱ्या काही गोष्टी :
• मांजराचे मुख्य अन्न प्राणिजन्य हवे. तयार अन्न घेताना ते मांजरासाठीचे आणि परिपूर्ण आहार म्हणून बनवलेले आहे ना, हे पाहावे.
• कुत्र्याचे अन्न मांजराला नेहमी देऊ नये.
• कांदा-लसूण घातलेले आपल्या ताटातले मटण-मासे देऊ नयेत. ते त्याच्या रक्तपेशींना अपायकारक आहेत.
• रोज थोडा वेळ दोरी-चेंडूची शिकार खेळू द्यावी.
• मांजराने दिवसभराहून अधिक काळ अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याकडे न्यावे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते.

२८/
‘आमच्या घरात मांसाहार चालत नाही, मग मांजराने काय करावे?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो प्रामाणिक असतो. पण आपले व्रत आपण निवडलेले असते. मांजराला निवड नाही. महाबलिपुरमच्या शिल्पातले मांजर ढोंगी म्हणून हिणवले गेले, कारण त्याने तपाचे सोंग घेतले. आपण दार लावून, जाळी बसवून, वाटीत दूधभात घालून जिवंत मांजराला खरेच तसे व्रत करायला लावतो, तेव्हा त्याची किंमत त्याचे डोळे आणि हृदय मोजते.

२९/
एक्सेटरच्या कारकुनाने मांजराला आठवड्याला एक पेनी दिली, तेव्हा उरलेल्या जेवणाची सोय त्याला करावी लागत नव्हती. तळघरातले उंदीर ती करत होते. आपण उंदीर काढून घेतले आणि दारही बंद केले. आता ती सगळी पेनी आपल्यालाच द्यायची आहे.

तुमच्या घरच्या मांजराच्या वाटीत काय असते, ते खाली जरूर लिहा. पुढच्या धाग्यात जाऊ जपानच्या मिनामाता किनाऱ्यावर, जेथे मासे खाणाऱ्या मांजरांनी माणसांवर येणाऱ्या संकटाची सूचना दिली होती. 🐾